युद्धकैद्यांचं नाव घेऊन आयटीआयची यंत्रं नाकारू नका

गिरगावकर: "दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ गढीतल्या कैद्यांनी अंथरुणाच्या कापडाचं विमान केलं, मग आयटीआयला नवी लेथ कशाला? अडचण आली की माणूस आपोआप शिकतो." कालची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना. आपोआप कोण शिकलं? त्यातल्या बिल गोल्डफिंच या कैद्याला गढीच्या वाचनालयात विमानरचनेचं पुस्तक मिळालं, त्याच्या आधाराने ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उभं राहिलं. पलंगाच्या फळ्या, जमिनीच्या फळ्या, विजेच्या तारा चोरल्या. ग्रामोफोनच्या स्प्रिंगची करवत केली. कापड ताणून बसावं म्हणून शिध्यातली भरड उकळून तिची खळ दिली. भुकेल्या माणसांनी धान्य कापडाला लावलं! पोटमाळ्यावर खोटी भिंत, बाहेर पाळीने पहारा. हा शिस्तीत चालवलेला कारखाना होता.

अंधेरी_पश्चिम: पोस्ट माझी. पुस्तक वाचून पंख होत नाहीत, काका. आणि परुळकरांचं काय? ते आणि आणखी दोघे, १९७१ च्या युद्धात पाकिस्तानने पकडलेले आपले तीन वैमानिक, १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निघाले. त्यांना कुठल्या आयटीआयने भिंत फोडायला शिकवलं होतं?

लालबाग_फिटर: वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. कानस कशी धरायची हे शिकायला उमेदवारीची वर्षं जातात. गिरणी बंद पडली, ते हात घरी बसले. आज मी पार्किंगच्या कोपऱ्यात एक व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडायचा शिकंजा, बसवला, तर सोसायटीने नोटीस दिली. म्हणे इमारतीची शोभा जाते. तिथेच दोन गाड्या वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या आहेत, त्यांना नोटीस नाही.

कुर्ला_गाळा: आमच्याकडे तर सायकलचं पंक्चर काढायलाही मनाई! पोरांनी हात काळे करायचे कुठे?

अंधेरी_पश्चिम: विषय युद्धकैद्यांचा आहे. सोसायटीची भांडणं मीटिंगमध्ये मांडा.

लालबाग_फिटर: तोच विषय आहे! कैद्यांना पोटमाळा तरी मिळाला. मुंबईत हातोडी मारायला चार फूट जागा नाही, आणि तुम्ही उपदेश करता.

माहीमची_शिक्षिका: दोघेही थांबा. स्टालाग लुफ्ट ३ या वैमानिक कैद्यांच्या जर्मन छावणीत क्लिम दूध पावडरचे डबे जोडून भुयारात हवेची नळी नेली, ते मी मुलांना दरवर्षी सांगते. पण मार्च १९४४ मध्ये बाहेर पडलेल्या ७६ जणांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या, हेही सांगते. अडचणीचं इतकं कौतुक करणाऱ्यांना तो आकडा आठवतो का?
आणि परुळकरांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी लंडी कोतलपर्यंत पोहोचले, अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. लंडी खानाचं रेल्वे स्टेशन १९३२ मध्येच बंद झालेलं, म्हणून लोकांना संशय आला आणि ते पकडले गेले. धाडस अफाट होतं, ताजी माहिती हाताशी नव्हती. साधनांची उणीव अशी महागात पडते.

अंधेरी_पश्चिम: बरं, हा मुद्दा मान्य करावा लागेल, ताई. माहिती हवी, पुस्तक हवं. पण नव्या लेथवर धूळ बसलेली मी स्वतः एका संस्थेत पाहिली आहे. शिकवणारा नसेल तर यंत्राचं काय करायचं?

गिरगावकर: मग शिकवणारा मागा! यंत्र काढून घ्या का म्हणता?

अंधेरी_पश्चिम: तेवढं वाक्य मागे घेतो. व्हाइसचं मात्र नाही. रात्री अकराला ठोकाठोकी मीही चालू देणार नाही.

लालबाग_फिटर: रात्री कोण ठोकतंय? रविवारी दुपारी तासभर काम असतं. नोटीस त्यावर आली आहे, हवी तर इथे टाकतो.