मदत हवी आहे: दृष्टिपटलाचा आजार आणि आरएनए

मंडळी, आईला दोन्ही डोळ्यांत कोरड्या प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन (दृष्टिपटलाचा मधला भाग खराब होत जाणं) आहे. वाचताना मधलीच अक्षरं गळतात, कडेचं मात्र नीट दिसतं. त्यामुळे या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या आरएनएबद्दल (पेशीतला डीएनएसारखा रेणू) मी मिळेल ते वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

2011 साली संशोधकांनी दाखवलं की आजार पुढच्या टप्प्याला गेलेल्या डोळ्यांत, दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य-पेशींमध्ये डायसर-1 हे एन्झाइम कमी पडतं. अ‍ॅलू आरएनएचे (डीएनएत लाखो ठिकाणी आढळणाऱ्या एका क्रमापासून बनणाऱ्या आरएनएचे) तुकडे करणं हे त्याचं एक काम. ते थांबलं की अ‍ॅलू आरएनए साचतो, दाहाची यंत्रणा चेतवतो आणि पेशी मरतात. इथवर कळलं. पण मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए) हेही डायसरच तयार करतं ना? मग नुकसान मायक्रोआरएनए घटल्याने नव्हे, अ‍ॅलू साचल्यानेच होतं, हे वेगळं कसं काढलं? आणि मुळात डायसर कमी का होतं?

या आजाराच्या ओल्या प्रकारासाठी (ज्यात दृष्टिपटलामागे नव्या रक्तवाहिन्या वाढून गळतात) अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालेलं पेगाप्टानिब हे औषधच आरएनएचं होतं, म्हणून कोरड्यासाठीही मला फार आशा वाटते. पेशीजीवशास्त्रातलं किंवा नेत्ररोगातलं कुणी असेल तर सोप्या भाषेत समजावाल का? एखादा चांगला लेख सुचवलात तरी चालेल.