भाड्याच्या सुट्टीघरात निघताना किती झाडलोट करायची? सल्ला हवा

पायाला_भिंगरी

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात आम्ही सहाजण (आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे) चार रात्रींसाठी एक अख्खं घर घेतलंय, अ‍ॅपवरून. पैसे भरून झालेत. फोटो छान, आधीच्या पाहुण्यांचे शेरेही बरे. काल मालकांचा निरोप आला आणि त्याखाली 'निघताना करायच्या गोष्टी' अशी यादी. मोजल्या, सतरा आहेत.

सगळ्या पलंगांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल काढून पहिली खेप मशीनला लावायची. ती झाली की ड्रायरमध्ये टाकून दुसरी लावायची. भांडी धुऊन, पुसून, जागच्या जागी. फ्रीज आतून पुसायचा. सगळ्या खोल्या व्हॅक्यूम करायच्या, स्वयंपाकघर आणि बाथरूमची फरशी पुसायची. मोरीच्या जाळीतले केस काढायचे. कचरा चार प्रकारांत वेगळा करून रस्त्याच्या टोकाच्या डब्यात. आणि हे सगळं सकाळी १० च्या आत. शेवटची ओळ ठळक अक्षरात: 'यादी पूर्ण न झाल्यास जादा सफाईचे पैसे आकारले जातील.'

गंमत म्हणजे बिलात 'सफाई शुल्क' आम्ही आधीच भरलंय. एका रात्रीच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त आहे ते.

नवरा म्हणतो, करून टाकू, कशाला वाद. सासूबाई म्हणतात, 'तुम्ही फिरा, मी आवरते.' त्यांना सुट्टीला नेऊन हातात झाडू द्यायचा म्हणजे मलाच कसंतरी होतंय. हे सगळं करावंच लागतं का? नाही केलं तर खरंच पैसे कापतात का? की बुकिंग रद्द करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळशी_कासव

सतरा? आमच्या स्वतःच्या घरात महिन्याला एवढी कामं होत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

करून टाका हो. सहाजण आहात, माणशी तीन कामंसुद्धा येत नाहीत. तासाभरात उरकेल. मालकाने तुमच्याबद्दल वाईट शेरा लिहिला तर पुढच्या वेळी घर मिळायची पंचाईत. दुसऱ्याच्या घरात राहतोय एवढं भान हवं. लोक काय घाण करून जातात ते मी पाहिलंय.

आळशी_कासव

उंटसाहेब, यातले दोघं लहान आणि दोघं सासू-सासरे. उरले दोन. भागाकार परत करा.

बारीक_अक्षर

तुमचं अ‍ॅप कुठलं ते लिहिलेलं नाही, आणि नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. मला एअरबीएनबीचे पाठ आहेत (सवय, नावावरून कळलंच असेल), ते सांगतो. त्यावरून तुमच्या अ‍ॅपच्या मदतपानावर काय शोधायचं ते कळेल.

हा तंटा जुना आहे. २०२२ च्या सुमारास लोकांनी अशा याद्यांचे फोटो टाकून इतकी बोंब मारली की त्या नोव्हेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी जाहीर सांगितलं: चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम करणं असली कामं पाहुण्यावर टाकू नयेत. दिवे बंद करणं, उरलेलं खाणं कचऱ्यात टाकणं, दार लावणं ठीक, कारण आपण घरातून निघतानाही तेवढं करतोच. २०२३ पासून निघतानाच्या सूचना बुकिंगच्या आधीच बघता येतात. अवाजवी कामांमुळे एखाद्या घराला वारंवार कमी गुण मिळाले तर ते घर यादीतून काढलंही जाऊ शकतं.

याहून कामाची गोष्ट पाहुण्यांसाठीच्या नियमांत आहे, जी फारसं कुणी वाचत नाही. तिथे लिहिलंय की सफाई शुल्क हे दोन पाहुण्यांच्या मधल्या नेहमीच्या सफाईसाठी असतं, आणि उदाहरणं दिलीत ती कपडे धुणं आणि व्हॅक्यूमचीच. पाहुण्याने एवढंच बघायचं की घराची अवस्था खास सफाई लागेल अशी करू नये: बुरशी धरलेली भांडी, डागाळलेले गालिचे, असलं काही.

म्हणजे तुमच्या सतरापैकी निम्मी कामं त्या नियमाने तुम्ही विकत घेतलेली आहेत. तीच पुन्हा तुम्हीच करायची हा न्याय अजब आहे.

पायाला_भिंगरी

बारीक, धन्यवाद! आमचं अ‍ॅप दुसरं आहे, पण त्यातही शोधते. एक शंका. ही यादी आम्हाला बुकिंगच्या आधी दिसली नव्हती. घराच्या पानावर फक्त 'घर स्वच्छ ठेवावे' एवढंच होतं. मी परत जाऊन पाहिलं.

बारीक_अक्षर

मग त्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढून ठेवा, तारखेसकट. उद्या बदललं तर हातात काही राहणार नाही. पैसे घेताना जी अट सांगितली नाही ती नंतर निरोपातून लादता येते का, हा तुमचा खरा मुद्दा आहे. स्वच्छता, संस्कार वगैरे त्यानंतर.

घरकोंबडा

+१. स्क्रीनशॉट, स्क्रीनशॉट, स्क्रीनशॉट.

किल्लीवाली

मी स्वतः दोन घरं भाड्याने देते, तेव्हा पलीकडच्या बाजूने लिहिते. चपला नंतर मारा.

अशी यादी एका दिवसात होत नाही. कुणीतरी ओला टॉवेल गादीवर टाकून जातं, गादीला वास लागतो, यादीत एक ओळ वाढते. कुणी फ्रीजमध्ये काहीतरी सांडून गेलं, दुसरी ओळ. पाच वर्षांत वीस पाहुणे चुकतात आणि त्यांची शिक्षा एकविसाव्याला. माझीही यादी अकरापर्यंत गेली होती. एकदा स्वतःच वाचली आणि लाज वाटली. आता चार ओळी आहेत.

दुसरं कारण वेळेचं. एक पाहुणा ११ ला निघतो, दुसरा ३ ला येतो. मधल्या चार तासांत सगळं. सफाईच्या बाईंकडे त्याच दिवशी आणखी दोन घरं असतात. चादरींचा एकच जोड असेल तर मशीन अकराच्या आधी सुरू झालेलं मालकाला हवं असतं, आणि ते सुरू करणारा एकच माणूस त्या वेळी घरात असतो: तुम्ही. यावर उपाय चादरींचे तीन जोड घेणं हा आहे. तो खर्च मालकाने करायचा. पाहुण्याला कामाला लावणं फुकट पडतं म्हणून तसं होतं, दुसरं काही नाही.

तिसरं, चादरी काढून ठेवायला सांगणं हा शुद्ध तोटा आहे. पाहुणे चादरीबरोबर गादीवरचं कव्हरही ओढून काढतात आणि सगळं एका गठ्ठ्यात कोंबतात. डाग असेल तर तो आत दडतो, तसाच धुतला जातो आणि पक्का बसतो. आमच्या बाई मला म्हणाल्या, 'ताई, त्यांना सांगा हात लावू नका, मला पलंग जसा आहे तसा बघायचाय.'

रिकामी_बादली

किल्लीताईंना अनुमोदन. शिकत असताना मी दोन वर्षं अशा घरांची सफाई केलीय. खरं सांगायचं तर पाहुण्याने पुसलेली फरशी आम्ही परत पुसायचो. धुतलेल्या भांड्यांवर नजर फिरवून निम्मी परत धुवायचो. पुढच्या पाहुण्याने तक्रार केली तर जबाब आम्हाला द्यावा लागायचा, आधीच्या पाहुण्याला कोण विचारतंय? त्यामुळे तुमच्या व्हॅक्यूमने आमची पाच मिनिटंसुद्धा वाचत नाहीत.

खरंच काय वाचवतं ते सांगते. खरकटं भांड्यात वाळू न देणं. कचरा बाहेर काढणं, विशेषतः मधे एक-दोन दिवस घर रिकामं राहणार असेल तर. वापरलेले टॉवेल एका जागी, बाथरूममध्ये टाकलेले. हलवलेलं फर्निचर परत जागेवर. आणि काही फुटलं, सांडलं, अडकलं असेल तर निघायच्या आधी सांगणं! तेवढं केलंत तर आम्ही मनात दुवा देतो.

जाळीतले केसही काढा, हे माझं वैयक्तिक मागणं. दुसऱ्याचे केस काढणं सवयीने जमतं, आवडत कधीच नाही.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मी म्हणालो तेच, थोडंफार करावं.

आळशी_कासव

तुम्ही सतरा म्हणाला होतात.

घरकोंबडा

कुणी वेळेचा हिशोब केला का? मशीनची एक खेप साधारण तास, ड्रायर तास. दुसरी खेप पहिल्यावर चढवली तरी तीन तास. म्हणजे १० ला निघायचं तर ७ ला चादरी मशीनमध्ये, म्हणजे साडेसहाला सहाही माणसं पलंगावरून खाली. आणि सफाई शुल्क रात्रीवर नसतं, मुक्कामावर असतं. चार रात्रींऐवजी एकच रात्र राहिला असतात तरी तेवढंच भरलं असतंत. म्हणून मी एका रात्रीसाठी असलं घर घेतच नाही. लोक रात्रीचा दर बघून भुलतात. तुलना करायची तर भाडं, सफाई, सेवा शुल्क सगळं धरून एकूण रकमेला रात्रींनी भागायचं.

बारीक_अक्षर

बरोबर. एअरबीएनबीने एप्रिल २०२५ पासून जगभर सगळीकडे शुल्क धरूनची रक्कमच शोधताना दाखवायला सुरुवात केलीय, कर सोडून. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून तर अल्पमुदतीच्या मुक्कामांसाठी सक्तीची सगळी शुल्कं धरूनच किंमत दाखवायची असा सरकारी नियमच आहे. पण किंमत उघड झाली म्हणून कामं उघड होतात असं नाही.

आता पैसे कापण्याबद्दल, तो प्रश्न मधेच राहिला. मालकाच्या मनात आलं म्हणून कार्डावरून पैसे जात नाहीत. एअरबीएनबीवर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत मालकाला फोटो, पावत्या देऊन मागणी करावी लागते. तुम्हाला उत्तर द्यायला २४ तास मिळतात, आणि मान्य नसेल तर कंपनी मधे पडते. तुमच्या अ‍ॅपवर मुदती वेगळ्या असतील, त्या आजच बघून ठेवा. निघताना प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ घ्या, थांबत-थांबत, फ्रीज उघडून, ओटा दाखवून. दोन मिनिटांचं काम आहे. आल्या-आल्याही एक घ्या, कारण आधीचाच डाग तुमच्या नावावर लागू शकतो.

शेऱ्याची भीती घालणाऱ्यांसाठी: एअरबीएनबीवर मालक आणि पाहुणा दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवस उलटेपर्यंत एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही. तेव्हा तुमचं वाचून बदला म्हणून लिहायची सोय नाही.

पायाला_भिंगरी

इतकं सगळं लिहिलंत, खूप मदत झाली. आता मालकांना काय लिहू? मला भांडायचं नाहीये. चार रात्री त्यांच्याच घरात काढायच्या आहेत. फोन करू का?

बारीक_अक्षर

फोन नको. जे काय ते अ‍ॅपमधल्या निरोपातच. फोनवर 'हो हो, बघू' म्हणालेलं नंतर कुणाला दाखवणार?

किल्लीवाली

भिंगरीताई, मला असा निरोप आला तर मी चिडणार नाही, असा मसुदा देते:

'नमस्कार. माहिती पाठवलीत, आभार. निघताना आम्ही भांडी धुऊन ठेवू, फ्रीजमधलं आमचं सामान काढू, कचरा बाहेर नेऊ, टॉवेल एकत्र ठेवू, दिवे बंद करून कुलूप लावू. चादरी व कपडे धुणं, व्हॅक्यूम आणि फरशी हे बिलातल्या सफाई शुल्कात येतं असं आम्ही धरलं आहे, कारण बुकिंग करताना घराच्या पानावर याचा उल्लेख नव्हता. तुमची समजूत वेगळी असेल तर कृपया या दोन दिवसांत कळवा, म्हणजे रद्द करण्याच्या मुदतीत आम्हाला ठरवता येईल.'

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाच्या डोळ्यांसमोर चार रिकाम्या रात्री आल्या की यादी आपोआप आखडते. मात्र आधी तुमची मुदत खरंच बाकी आहे का ते तपासा. उलटून गेली असेल तर ते वाक्य काढा आणि निरोपाची एक प्रत अ‍ॅपच्या मदतकक्षाला पाठवा.

रिकामी_बादली

आणि 'आम्ही काय करू' हे आधी लिहिलंय ते फार छान. नुसतं 'आम्ही करणार नाही' असं आलं की समोरचा अडून बसतो.

उंटावरचा_शहाणा

मसुदा उतरवून घेतला. आमचीही एक यादी आलीय. तेरा कलमी.

आळशी_कासव

माणशी किती येतात?

पायाला_भिंगरी

अपडेट! मुदत अजून सहा दिवस होती. मसुदा जवळजवळ तसाच पाठवला. उत्तर तासाभरात आलं. म्हणतात, यादी मोठ्या पार्ट्यांचे गट यायचे तेव्हाची आहे, सगळ्यांना आपोआप जाते, तुम्ही म्हणता तेवढं पुरे. फक्त कचरा वेगळा करा, नाहीतर उचलत नाहीत. ते मला पटलं, ते करू. जादा पैशांच्या ओळीचं काय विचारलं तर 'ती तुम्हाला लागू नाही' असं लेखी दिलंय. त्याचाही स्क्रीनशॉट काढला, घरकोंबडा.

बुकिंग ठेवतोय. शेऱ्यात यादीबद्दल लिहीन, पण तिथे राहून आल्यावर.

आता एकच अडचण. सासूबाईंनी रबरी हातमोजे आधीच बॅगेत भरलेत आणि बाहेर काढू देत नाहीत.

रिकामी_बादली

राहू देत. जाळीला लागतील.