फॉरेस्टर यांचं सिस्टिम डायनॅमिक्स वाळूजच्या प्रेस शॉपला लागू होतं का?

प्रेसशॉप_वाळूज:
वाळूज एमआयडीसीत (छत्रपती संभाजीनगरजवळ) आमचं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून दुचाकीचे ब्रॅकेट बनवतो. पत्रा आठवड्याला साधारण १० टन लागतो, ऑर्डर टाकल्यापासून माल गेटवर यायला ३ आठवडे. गिऱ्हाइकाचं शेड्यूल फार तर १० टक्के वरखाली होतं, पण गोडाऊनात कधी ३० टन पत्रा पडून असतो, कधी ६ टनांवर येतो. जास्त असला की सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिटची) लिमिट भरते, कमी पडला की प्रेस उभे आणि पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम. एमआयटीचे प्रोफेसर फॉरेस्टर (आपली बीड बायपासची एमआयटी नव्हे, अमेरिकेतली) यांनी कंट्रोल सिस्टिमचं गणित धंद्याला लावलं असं वाचलंय. ते एक्सेलवर जमण्यासारखं आहे, की नुसतं पुस्तकी?

साठा_आणि_प्रवाह:
जमतं. त्यांनी स्वतः सुरुवात कागद-पेन्सिलीवरच केली होती. जे (Jay) फॉरेस्टर मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात सर्व्होमेकॅनिझमवर (आपली चूक मोजून आपणच सुधारणाऱ्या यंत्रणांवर) काम, मग व्हर्लविंड कॉम्प्युटर आणि त्यातली मॅग्नेटिक कोअर मेमरी. १९५६ मध्ये ते एमआयटीच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये आले. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचा प्रश्न समोर आला: कधी तीन-चार पाळ्या, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी. सगळे बाजाराच्या तेजी-मंदीकडे बोट दाखवत होते. फॉरेस्टर यांनी माणसं कधी घ्यायची, माल कधी मागवायचा याचे नियम विचारून घेतले, वहीत साठा, ऑर्डरी, कामगार असे रकाने पाडले आणि एकेक काळ पुढे सरकवत आकडे भरले. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली तरी कामगारसंख्या हेलकावे खातच होती, म्हणजे दोष नियमांतच होता. यातूनच १९६१ चं ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक उभं राहिलं; याच पद्धतीला पुढे सिस्टिम डायनॅमिक्स म्हणू लागले.

तुमचा प्रश्न शब्दशः तोच आहे. १० टक्क्यांची हालचाल बाहेरची, बाकीचा धिंगाणा घरचा.

शेंद्रा_पीपीसी:
आकडे टाकून बघा. खप १० टन, साठा २० टन (दोन आठवड्यांचा), दर आठवड्याला १० टन येतोय. आता खप ११ टन झाला आणि तिथेच थांबला. हवा तो साठा झाला २२. स्टोअरवाला सहसा काय करतो? खप अधिक साठ्यातली तूट, एवढी ऑर्डर.

पहिल्या आठवड्याअखेर साठा १९, तूट ३, ऑर्डर १४. दुसऱ्या आठवड्यात साठा १८, ऑर्डर १५. तिसऱ्यात १७ आणि १६. एकच तूट तीनदा मागवली गेली, कारण आधीचा माल अजून वाटेत आहे. चौथ्या आठवड्यापासून तो यायला लागतो: साठा २०, २४, २९, ३१. ऑर्डरी पडतात १३, ९, ४, २ वर. त्या कमी ऑर्डरींचा फटका पुढे बसतो. अकराव्या आठवड्यात साठा ६ टन आणि ऑर्डर २७ टन! तुमचे ३० आणि ६ इथूनच येतात. खप या सगळ्या काळात ११ वरून हललेलाही नाही.

आता नियम बदला. हातातला साठा आणि वाटेवरचा माल, दोन्हींची तूट मोजा, बेरजेला ४ ने भागा (तूट एकदम न भरता थोडी थोडी भरायची म्हणून), त्यात खप मिळवा. ऑर्डर टाकण्याआधी वाटेवर २ आठवड्यांचा माल, म्हणजे २२ टन हवा. पहिला आठवडा: साठ्याची तूट ३, वाटेवरची २, एकूण ५, भागिले ४ = १.२५. ऑर्डर १२.२५. पुढे ११.९४, ११.७०, ११.५३ अशी उतरत ११ वर येते. साठा १७ च्या खाली जात नाही.

जास्त काम कोण करतं, भागाकार की वाटेवरचा माल? ४ ने न भागता फक्त वाटेवरचा माल धरा: एकदा १६ टनांची ऑर्डर जाते, पुढच्या आठवड्यापासून सरळ ११. उलट फक्त भागाकार ठेवून वाटेवरचा माल विसरलात, तर ऑर्डर १२.२५ पर्यंत चढून १०.८४ पर्यंत उतरते. तेही चालेल, पण स्थिरावायला वेळ लागतो. माझं मत: दोन्ही ठेवा, पण एकच जमत असेल तर वाटेवरचा माल.

चिकलठाणा_स्टोअर:
गणित बरोबर आहे, घोळ होतो तो आकडे भरताना.

‘वाटेवरचा माल’ म्हणून लोक सिस्टिममधल्या सगळ्या उघड्या पीओंची (परचेस ऑर्डरींची) बेरीज घेतात. त्यात सहा महिन्यांपूर्वीची अर्धवट पुरवलेली, कधीच न येणारी ऑर्डरही असते. सूत्राला वाटतं माल येतोय, ते कमी मागवतं आणि लाइन उभी राहते. आधी मेलेले पीओ शॉर्ट क्लोज करा, म्हणजे न आलेला माल सोडून देऊन बंद करा. तसंच क्यूसीने (तपासणी विभागाने) होल्डवर टाकलेली कॉइल (पत्र्याची गुंडाळी) हातातल्या साठ्यात धरू नका.

खप म्हणजे शेड्यूल नव्हे. शेड्यूल महिन्यात दोनदा फिरतं. स्टोअरमधून प्रत्यक्ष इश्यू झालेला पत्रा घ्या, तोही ग्रॉस, म्हणजे स्क्रॅपसकट वजनाने. ब्रॅकेटच्या नेट वजनाने हिशेब केला तर स्क्रॅप हिशेबातून सुटतं आणि साठा रोज थोडा थोडा खाली जातो. महिनाअखेर डिस्पॅचचा रेटा असेल तर चार आठवड्यांची सरासरी घ्या.

दर जाडीचा पत्रा वेगळ्या ओळीत ठेवा. १.६ मिमी संपला असताना २ मिमीचा ढीग कामाला येत नाही. आणि १२.२५ टन कोणी देत नाही. स्लिट कॉइलच्या (हव्या रुंदीला कापलेल्या गुंडाळीच्या) वजनाला पूर्णांक करा, उरलेली तूट पुढच्या आठवड्यात आपोआप येतेच.

साठा_आणि_प्रवाह:
यात एक भर. बाजारात टंचाई आली की लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) ३ आठवड्यांचा ५ होतो. लगेच सूत्रात ५ घातलेत तर वाटेवरचा हवा तो माल एकदम वाढतो, ऑर्डर फुगते. वाळूजमधले सगळे तेच करतात, सप्लायरची रांग आणखी लांबते. लीड टाइम दर आठवड्याला बदलू नका, महिना-दोन महिने टिकला तरच बदला.

लातूरच्या डाळ मिलवाल्यांनी मात्र हे सूत्र जसंच्या तसं उचलू नये. तूर हंगामात एकदाच येते. तिथे साठा भावावर आणि आवकेवर ठरतो, आठवड्याच्या भरपाईवर नाही.

परचेसवाल्याला हे पटवायचं असेल तर फॉरेस्टर यांच्या गटाने बसवलेला बिअर गेम खेळवा. चार जणांची साखळी, प्रत्येक जण पुढच्याकडे माल मागवतो: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, कारखाना. गिऱ्हाइकाची मागणी ४ पेट्यांवरून पाचव्या आठवड्यात ८ होते आणि तिथेच राहते, तरी कारखान्याच्या ऑर्डरी किती उसळतात ते बघा. एकमेकांशी बोलायचं नाही हा नियम पाळा, नाहीतर खेळात राम नाही.

प्रेसशॉप_वाळूज:
शीट बनवली. एक अडलं: लीड टाइम ३ आठवडे, मग वाटेवरचा हवा तो माल २ आठवड्यांचा का?

शेंद्रा_पीपीसी:
कारण मोजणी ऑर्डर टाकण्याआधी होते. तीन आठवड्यांपूर्वीची ऑर्डर या आठवड्यात उतरली, म्हणून वाटेवर दोनच राहिल्या. आजची टाकलीत की तीन होतात. ऑर्डर टाकण्याआधी मोजून ३ आठवडे, म्हणजे ३३ टन धरलेत तर काहीही हेलकावे न दिसता साठा २२ ऐवजी ३३ वर जाऊन बसेल, आणि त्या ११ टनांचं व्याज भरत राहाल.