ब्रेस्ट काढल्यावर इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर बसवायचं की खाली? वहिनीसाठी विचारतेय

कृष्णाकाठ:
नमस्कार, आम्ही सांगलीचे. वहिनी ४२ वर्षांची, उजवीकडची गाठ कॅन्सरची निघाली, मस्टेक्टॉमी, म्हणजे ब्रेस्ट काढायचं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात. मिरजेत दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर म्हणाले त्याच ऑपरेशनमध्ये थेट इम्प्लांट टाकू, स्नायूच्या वर. दुसरे म्हणाले आधी एक्स्पांडर, म्हणजे हळूहळू भरून कातडी ताणायची पिशवी, तीही स्नायूच्या खाली, आणि काही महिन्यांनी बदलून पक्का इम्प्लांट. दादा म्हणतो एकदाच उरकू, वहिनी गप्पच आहे, आणि मला रात्री झोप नाही. कुणी यातून गेलंय का?

कराडची_ताई:
अगं मी गेलेय, चार वर्षं झाली, एक्स्पांडर आणि खालीच. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी भरायला सुरुवात केली, डॉक्टर लोहचुंबकाने पोर्ट, म्हणजे सुई टोचायची जागा, कुठंय ते शोधायचे आणि सुईने सलाईनचं पाणी सोडायचे, सुई फारशी दुखत नाही पण त्या रात्री छातीवर कुणी वीट ठेवल्यासारखं आवळायचं, दोन दिवस ब्लाऊजचा हूक लावता यायचा नाही. आणि एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. भाकरीचं पीठ मळायला जोर लावला की स्नायू आवळतो आणि इम्प्लांट वर सरकतो, कपड्यातून दिसतं. स्नायूच्या वर बसवला तर हे होत नाही, दुखतंही कमी. तरी मला पस्तावा नाही, माझी कातडी पातळ होती म्हणून डॉक्टरांनी तो मार्ग घेतला. एक्स्पांडर आत असेपर्यंत एमआरआय काढायची वेळ आली तर आधी सांगायचं, त्याच्या पोर्टमध्ये चुंबक असतं.

ओटी_सिस्टर:
मी प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत असते त्यामुळे दोन्ही बघितलंय. वर की खाली हे घरी बसून ठरवू नका, खरं उत्तर टेबलावर मिळतं, गाठ काढल्यावर उरलेली कातडी किती जाड आहे आणि तिचा रक्तपुरवठा कसा आहे त्यावर. चांगली असेल तर वर आणि एकदाच, नाहीतर एक्स्पांडर, कारण तो आधी अर्धवटच भरता येतो आणि कातडीवर ताण येत नाही. वर बसवलेल्याला बारीक माणसात सुरकुत्या दिसू शकतात, आणि आधाराला बऱ्याचदा जाळी किंवा प्रक्रिया केलेली प्राण्याची कातडी लावतात, ती महाग असते, बिलात आहे का ते आधी विचारा. छाती मोठी आणि उतरलेली असेल तर स्वतःच्याच खालच्या कातडीचा आधार करतात, तो खर्च वाचतो.

पण पहिला प्रश्न रेडिएशन लागणार का हा विचारा, मग बाकीचं. रेडिएशनचा शेक दिल्यावर इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचा आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो, तेव्हा पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाने करणं किंवा नंतर करणं हाही पर्याय असतो. आणि वहिनी मिश्री लावतात का? आपल्याकडच्या बायका हे डॉक्टरांना सांगतच नाहीत, तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ती काळी पडते, मग इम्प्लांट काढावा लागतो. शुगरही बघा.

कंपनी आणि पृष्ठभाग लिहून घ्या, गुळगुळीत की खरखरीत. खरखरीतमुळे क्वचित एक वेगळा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर होतो, जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध नियामकाच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने तिचे बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट परत मागवले होते. इम्प्लांट जन्मभराचा नसतो हेही दादांना सांगा, 'एकदाच उरकू' असं काही नसतं.

कृष्णाकाठ:
सिस्टर, मिश्री लावते, रोज सकाळी. आम्हाला कधी वाटलंच नाही की हे सांगायचं असतं. आता तिच्याशी बोलले, तर पहिल्यांदाच तोंड उघडलं, म्हणाली मला काहीच बसवायचं नसलं तर चालेल का गं.

कराडची_ताई:
चालेल. तिला सांग आत्ता गाठ काढू दे, बाकी पुढे कधीही करता येतं, माझ्या वॉर्डातल्या एकीने दीड वर्षाने केलं. सोमवारी डॉक्टरांकडे तिलाच बोलू दे, दादाला बाहेर बसव.