बॅटरीच्या भंगाराची जुनी जागा: मुलांसाठी मैदान करता येईल का?

वॉर्डकर
राम राम मंडळी. जळगावात आमच्या वॉर्डात २० गुंठे मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. जमीन काळी. कंत्राटदार म्हणतो, फूटभर मुरूम टाकू आणि झोके, घसरगुंडी बसवू. एवढ्यावर भागेल का?

मातीतज्ज्ञ
आधी माती तपासा भाऊ, मुरूम नंतर. १० मीटरची चौकट आखली की वीसेक ठिकाणं होतात. प्रत्येक ठिकाणी ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमी असे तीन नमुने घ्या. भट्टीजवळ आणि बॅटऱ्या फोडायच्या जागी जास्त. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि वरची धूळ सरळ आत उतरते. म्हणून भेगेतली माती वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर प्रदूषण किती खोल गेलंय याचा अंदाज चुकतो. १५० मायक्रॉनच्या चाळणीखालची माती तपासायला सांगा; मुलांच्या हाताला तीच चिकटते. शिशासोबत आर्सेनिक, अँटिमनी, कॅडमियम आणि मातीचा सामूही (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) बघा. कॅनडात घरं आणि उद्यानांच्या मातीत शिशाची मर्यादा १४० मिग्रॅ प्रति किलो आहे, ती धरून चला. अमेरिकेचा खेळाच्या जागेचा जुना ४०० चा आकडा कोणी दाखवला तर ऐकू नका.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत शिसं सहसा वरच्या थरातच अडकतं. त्यामुळे विहिरीपेक्षा धुळीची काळजी मोठी. जिथे आम्ल ओतलं असेल तिथे मात्र सामू घसरतो आणि शिसं खाली सरकतं.

साइटवाला
जास्त दूषित माती पोकलेनने काढा, पण आधी टीसीएलपी चाचणी (मातीतून पाण्यासोबत किती शिसं झिरपतं, ते बघणारी) करून घ्या. निथळात शिसं लिटरमागे ५ मिग्रॅच्या वर गेलं तर ती माती घातक कचरा ठरते. मग ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा केंद्रातच न्यायची, कचरा वाहतुकीचा फॉर्म (नमुना १०) भरून. महापालिकेच्या डेपोवर टाकायची नाही. खोदताना सतत पाणी मारा, हायवा ताडपत्रीने झाका आणि पावसाआधी काम आटपा.

उरलेल्या भागावर जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं जाड कापड) अंथरा, त्याच्यावर खालची माती दूषित आहे हे खोदणाऱ्याला कळावं म्हणून भडक रंगाची जाळी. नुसता मुरूम टाकला तर पावसाळ्यात काळी माती फुगून त्यातून वर येते. दाबलेला ३० सेंमी मुरूम म्हणजे या जागेला सुमारे २१४ ब्रास, सुटा मागवताना २६० धरा. त्याच्यावर ३० सेंमी स्वच्छ माती आणि पाण्याला २ टक्के उतार.

वॉर्डकर
सुपर फॉस्फेट खत टाकलं की शिसं मातीतच बांधलं जातं म्हणे?

मातीतज्ज्ञ
शिसं बांधलं जातं, पण आर्सेनिक असेल तर ते उलट मोकळं होतं. आर्सेनिकचा अहवाल हातात येईपर्यंत टाकू नका.

साइटवाला
झोक्यांच्या खांबांचं आत्ताच ठरवा. थर घातल्यावर कंत्राटदार दोन-तीन फुटांचे खड्डे घेतो आणि खालची माती वर पसरवतो. सगळा खर्च तिथेच वाया जातो. पाया आधी भरून घ्या, मग थर. खोल मुळांची झाडं नकोत, बोअर तर नकोच.