मदत हवी आहे : पाठीवरून हात फिरवताच अंगावर येणारी अकरा वर्षांची मांजर

नमस्कार. आमच्याकडे टिकली नावाची अकरा वर्षांची, नसबंदी झालेली मांजर आहे. ती कधीच मांडीवर येऊन बसणारी नव्हती, पण पाठीवरून हात फिरवलेला तिला आवडत असे आणि शेपटीच्या मुळाशी खाजवले की ती कंबर उचलून प्रतिसाद देत असे. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र हात कमरेच्या पुढे सरकला की तिच्या पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, शेपटीचे टोक फटकारू लागते आणि त्यानंतरही हात मागे घेतला नाही तर ती वळून चावते. परवा चावा चांगलाच खोल बसला.

घरात यावर दोन मते आहेत. मी अलीकडे दिवसभर घराबाहेर असते म्हणून ती रुसली आहे, असे एकाचे म्हणणे. वयाने ती हट्टी झाली आहे, असे दुसऱ्याचे. मला दोन्ही पटत नाही, कारण मी घरी परतले की ती पूर्वीसारखीच शेपटी उभी धरून दारापर्यंत येते आणि पायाला गाल घासते. आणखी काही गोष्टी मी टिपून ठेवल्या आहेत, परंतु त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे मला कळत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ती पूर्वी जमिनीवरून थेट उडी मारत असे. आता आधी खुर्चीवर चढते, तेथे थोडी थांबते आणि मग कट्ट्यावर जाते. कमरेजवळच्या केसांच्या गुठळ्या होऊ लागल्या आहेत. लघवी तीन-चार वेळा लिटर बॉक्सच्या अगदी कडेला, बाहेर झाली. खाणे मात्र व्यवस्थित आहे आणि जवळ बसले की ती घुरघुरतेही, त्यामुळे तिला काही दुखत असेल असे वाटत नाही.

सहा महिन्यांपूर्वी पशुवैद्यांना दाखवले होते. तेथे ती टेबलावर दगडासारखी पडून राहिली आणि पिंजऱ्याचे दार उघडताच एका झेपेत आत शिरली; वजन थोडे जास्त आहे, बाकी ठीक आहे, असे सांगण्यात आले. आमच्याकडे आधी कुत्रा होता. त्याच्या मनातले शेपटीवरून कळत असे, निदान आम्हाला तसे वाटत असे. मांजराच्या बाबतीत माझे वाचन कच्चे आहे. माझे प्रश्न दोन आहेत. राग, भीती आणि वेदना यांतला फरक तिच्या शरीरावरून कसा ओळखावा? आणि दुखत असेलच, तर आपल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळीचा लहानसा तुकडा तिला देता येईल का?

प्रतिसाद १

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका, तुकडाही नको. पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, ती मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे तयार होणारे विषारी घटक तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनच बिघडवतात, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंड आणि जठर यांच्यावर घाव घालतात. मांजरांसाठी वेगळी, सुरक्षित औषधे आहेत, पण ती तपासणीनंतर पशुवैद्यच ठरवतील.

आता टिकलीबद्दल. मोठ्या वयाच्या मांजराचे वागणे अचानक बदलले, तर स्वभावाकडे बोट दाखवण्यापूर्वी शरीर तपासावे, हा साधा नियम आहे, आणि आपण सुट्या सुट्या लिहिलेल्या गोष्टी मला तरी एकाच दिशेने जाताना दिसतात. सांध्यांची झीज मांजरांत अतिशय सामान्य आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी ९० मांजरांच्या चित्रांत तिच्या खुणा आढळल्या होत्या. तरीही ती घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखतात आणि मग लंगडायला चांगला पाय उरतच नाही. मांजर लंगडत नाही. ते गोष्टी सोडून देते, किंवा त्यांना वळसा घालते. खुर्चीचा टप्पा हा तसा वळसा आहे. कंबर वळवून मागचे अंग चाटणे त्रासाचे झाले की तेथील केसांच्या गुठळ्या होतात. लिटर बॉक्सची कड उंच असेल, तर आत शिरणे आणि पूर्ण खाली बसणे दोन्ही जड जाते. पुढचे पाय आत असतात आणि लघवी कडेबाहेर पडते. आणि ज्या जागी हात लागताच ती चावते, ती जागा कण्याच्या टोकाची, नितंबांच्या सांध्यांजवळची आहे.

घुरघुरण्यावर मात्र विसंबू नका. मांजर समाधानात घुरघुरते, तसेच जखमी असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अखेरच्या आजारातही घुरघुरते.

राग, भीती आणि वेदना यांतल्या फरकाविषयी थोडे सविस्तर लिहितो. घाबरलेले मांजर स्वतःला लहान करते: अंग जमिनीलगत, शेपटी शरीराशी घट्ट, बाहुल्या मोठ्या, कान मागे चपटे, आणि ही भीती बहुधा समोरच्या एखाद्या गोष्टीशी जोडलेली असते, ती गोष्ट गेली की हळूहळू ओसरते. स्पर्शाचा कंटाळा आलेले मांजर हात कोठेही असला तरी काही वेळाने शेपटी फटकारू लागते. दुखणाऱ्या मांजराला ठरावीक जागा, ठरावीक हालचाल नको असते. टिकली दारापर्यंत येऊन गाल घासते आणि कमरेला हात लागताच चावते, यात मला विसंगती दिसत नाही. तिला आपण हव्या आहात, तो एक स्पर्श नको आहे. कातडी थरथरणे, कान वळणे, शेपटीचे टोक हलणे ही तिने सभ्यपणे तीनदा सांगितलेली गोष्ट आहे. चावा ही चौथी वेळ.

चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. तिच्यात कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटणे, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात आणि दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करावा असे मानतात. मांजर जागे आणि शांत असताना पाहायचे. झोपलेले, खात असलेले किंवा अंग चाटत असलेले नको. पण ही पद्धत शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी घडवलेली आहे. सांध्यांच्या जुनाट दुखण्यात चेहरा निवांत दिसू शकतो, म्हणून तेथे चेहऱ्यापेक्षा हालचाल अधिक बोलते.

दवाखान्यात ती दगडासारखी पडून राहिली, ते भीतीमुळे. पिंजऱ्यात झेपावली, तेही भीतीमुळेच. त्या अवस्थेत दुखरा सांधाही झाकला जातो. म्हणून घरीच व्हिडिओ काढून न्या: वर उडी, खाली उडी, जिना चढणे, उतरणे, धावणे आणि हलत्या खेळण्यामागे लागणे. लघवीची तपासणीही अवश्य करून घ्या, कारण मूत्राशयाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असला तरी मांजर बाहेर लघवी करते, आणि एकाच मांजराला दोन तक्रारी असू शकतात.

प्रतिसाद २

माझे मत थोडे वेगळे आहे. आमचे मांजर असेच चावत असे. प्रत्येक वेळी तोंडावर पाण्याचा फवारा मारला आणि महिन्याभरात सवय सुटली.

प्रतिसाद १

फवाऱ्याने चावणे थांबले असेल, पण इशाराही थांबला. ज्या मांजराला दुखत असण्याची शक्यता आहे, त्याला दुखल्याबद्दल शिक्षा केली तर ते माणसापासून दूर राहायला शिकते, आणि मग पुढच्या खुणा पाहण्याची संधीही आपल्या हाती उरत नाही. तूर्त हात फक्त गाल, हनुवटी आणि कानांच्या मधल्या भागावर ठेवावा, तीन-चार सेकंदांनी उचलावा आणि ती स्वतः पुढे येते का ते पाहावे. लिटर बॉक्सची एक बाजू सात-आठ सेंटीमीटरपर्यंत खाली आणावी, कट्ट्याखाली घसरणार नाही अशी पायरी ठेवावी. केसांच्या गुठळ्या ओढून सोडवू नका आणि कात्रीनेही कापू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असल्याने ती केसांबरोबर सहज कापली जाते.

(आणि कुत्र्याच्या शेपटीवरही इतका विश्वास नको. ताठ, उंच धरलेली आणि भरभर हलणारी शेपटी मैत्रीची असेलच असे नाही.)

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. गोळीबद्दल विचारले हे किती बरे झाले, कारण ती मी वाटीत काढून ठेवली होती. व्हिडिओ काढले आणि संथ गतीने पाहिले. कट्ट्यावरून उतरताना ती पुढचे पंजे भिंतीला टेकवत जमेल तितके खाली नेते, आणि मग उडी न मारता घसरल्यासारखी खाली येते. हे दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर होत असणार आणि मी त्याला आळस म्हणत होते. चार दिवसांनंतरची वेळ घेतली आहे. एकच शंका राहिली आहे: या वेळीही ती भीतीने गोठली, तर तपासणी होणार कशी?

प्रतिसाद १

पिंजरा आजच बाहेर काढून, दार उघडे ठेवून, तिच्या वासाचे अंथरूण घालून ती बसते त्या खोलीत ठेवा. तो केवळ दवाखान्याच्या दिवशी दिसला तर तो दिसताच भीती सुरू होते. झाकण वरून निघणारे असेल, तर पशुवैद्यांना तिला खालच्या भागातच बसू देऊन तपासण्याची विनंती करता येते. वाटेत पिंजऱ्यावर कापड टाका. भेटीपूर्वी घरी देण्याजोगे भीती कमी करणारे औषध असते, त्याबद्दल वेळ घेतली आहे तेथे आधीच फोन करून विचारा. मागच्या भेटीत ती कशी गोठली होती हे सांगा, आणि व्हिडिओ आधी पाठवता येत असतील तर पाठवून द्या.