‘ऐकतात’ की ‘आज्ञा पाळतात’? लोकशाहीच्या प्रश्नावलीतली एक ओळ

सायली-सावली: एका भाषांतरात अडकले आहे. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे या अनेक देशांत होणाऱ्या सर्वेक्षणात एक प्रश्न असतो: पुढच्या गोष्टी लोकशाहीसाठी किती आवश्यक आहेत ते १ ते १० मध्ये सांगा. मुक्त निवडणुका, स्त्रियांना समान हक्क, बेकारांना सरकारी मदत, वगैरे. त्यातच लोकांनी ‘रूलर्स’ना ‘ओबे’ करण्याचीही एक ओळ आहे. हुकूमशाही देशांत या ओळीला पुष्कळ जण वरचे गुण देतात, आणि माझा लेख नेमका त्यावरच आहे.

आधी लिहिलं, ‘लोक राज्यकर्त्यांची आज्ञा पाळतात’. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “मग ती कसली लोकशाही?” ते खोडून ‘लोक राज्यकर्त्यांचं ऐकतात’ केलं. आता म्हणाली, “ऐकायला नको का? दे दहा.” एका क्रियापदाने उत्तर फिरलं. कुठलं ठेवू?

पाटीपेन्सिल: ‘आज्ञा’च ठेवा. ‘ऐकणे’ मराठीत फार मवाळ आहे. ‘डॉक्टरांचं ऐक’ म्हणतो त्यात ऐकणाऱ्याचं भलं असतं, धाक नसतो. आणि ‘राज्यकर्ते’ऐवजी ‘शासक’ घ्या. निवडून आलेल्यांनाही आपण राज्यकर्तेच म्हणतो.

आडवाट: ‘शासक’ कोण बोलतं हो? सामान्य माणसाच्या तोंडी ‘सरकार’ असतं, आणि फार झालं तर ‘मायबाप सरकार’. त्या शब्दात पोसणं आलं, दटावणंही आलं. तिकडच्या लोकांच्या मनातली लोकशाही याच्या जवळची असावी, असं माझं मत.

खलाशी: आडवाट यांच्याशी सहमत, पण अर्धाच. मी आखातात चार वर्षं कामाला होतो. राजकीय पक्षांना तिथे परवानगीच नव्हती. लोकशाहीला अरबीत शब्दच ग्रीकमधून उचललेला, दिमुक्रातिय्या. आमच्या गाडीच्या चालकाला एकदा विचारलं, तुमच्याकडे आहे का ती? म्हणाला, आहे की, दवाखाना फुकट, रस्ते बघा कसले. दोन सिग्नल गेले. मग त्याने काच वर घेतली, माझा फोन कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाला, भाऊ तीन वर्षांपासून आत आहे, कशासाठी ते विचारायला जायचीही सोय नाही. सर्वेक्षणवाल्याला त्याचं पहिलं उत्तर मिळेल. दुसऱ्याचं भाषांतर कोण करणार?

शुद्धमती: अनुभव हलवून टाकणारा आहे. म्हणूनच म्हणते, दवाखाना आणि रस्ते म्हणजे सुराज्य, लोकशाही नव्हे. ज्याला जो अर्थ वाटेल तो शब्दाला चिकटवायचा, तर कोशांचा उपयोग काय? पूर्व जर्मनीने १९४९ मध्ये नावातच ‘लोकशाही’ घातलं, म्हणून तिथे ती आली का?

आडवाट: नाही आली, ताई. पण तिथल्या लोकांनी त्यातला ‘लोक’ हा शब्द टाकूनही दिला नाही. संसद ‘लोकांची’, पोलीसही ‘लोकांचे’, असंच सगळ्यांचं नाव होतं. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये लाइपझिगच्या रस्त्यावर त्याच पोलिसांसमोर गर्दी ओरडत होती, “लोक आम्ही आहोत!” कोश तिथे कुणी उघडला नव्हता.

डोंगरवाट: मग नेपाळ बघाच. राजा महेंद्रांनी १९६० मध्ये संसद बरखास्त केली, पक्षांवर बंदी आणली आणि त्या राजवटीला नाव दिलं ‘पंचायती प्रजातंत्र’. म्हणे, मातीला शोभणारं. १९९० मध्ये लोकांनी बहुपक्षीय व्यवस्था मिळवली, तेव्हाही शब्द ‘प्रजातंत्र’च होता. २००६ च्या आंदोलनात मात्र ‘लोकतंत्र’ म्हणायला लागले, कारण प्रजा म्हटली की राजा आलाच. आज तिथे दोन्ही नावांचे वेगवेगळे दिवस पाळतात. आपण ‘प्रजासत्ताक’ म्हणताना कधी अडखळतो का?

पाटीपेन्सिल: प्रजा म्हणजे मूळ अर्थाने संतती. राजा नंतर आला.

शुद्धमती: आणि ‘लोकशाही’तली ‘शाही’? ती फारसी, शहाची. लोकराज्य म्हणा.

डोंगरवाट: आदिलशाही म्हणजे आदिलशहाचं राज्य, तसं लोकशाही म्हणजे लोकांचं. त्यात खटकण्यासारखं काय आहे? चिनीत ‘मिन्झू’ म्हणजे आज लोकशाही, पण प्राचीन ग्रंथांत तोच शब्द लोकांच्या धन्यासाठी, म्हणजे राजासाठी आहे. शब्द मूळ घरात अडकून पडत नाहीत.

शुद्धमती: पण घराच्या खुणा राहतात. त्या चिनी उदाहरणात तर फारच.

सायली-सावली: सगळ्यांचे आभार. ‘शाही’वर वेगळा धागा काढू या का? माझी ओळ अजून तशीच आहे. खलाशींचा प्रतिसाद वाचून तिसरं रूप केलं: ‘लोक राज्यकर्त्यांचा शब्द मोडत नाहीत’. आईने या वेळी गुण दिलेच नाहीत. तिने विचारलं, “मोडला तर काय होतं तिथे?” प्रश्नावलीत ते लिहिलेलं नाही.